उजवीकडून शिवलेली रणजुई

फिजिक्सच्या नोट्समधून एक बाई उडत बाहेर आली आणि थेट माझ्या खळीच्या डब्यात पडली!

म्हणजे चित्रातली बाई. काउंटरपलीकडं, पाठीला कोचिंगची बॅग लावलेला एक मुलगा उभा. कान लालभडक. लातुरात आमच्या 'जिलानी बाइंडिंग'वर रोज ढिगानं पोरं नोट्सला स्पायरल मारून घ्यायला येतात, पण इतका घाबरलेला पोरगा मी पहिल्यांदाच बघत होते.

"कोण ही?" मी चित्रावरची खळ पुसत विचारलं.

"कुणी न्हाई... द्या इकडं."

"कुणी नाही, आणि एका हातावर भिंत तोलून धरलीय?"

तो हसला. झालं... मी गेले कामातून!

अमान त्याचं नाव. कंधारचा. डॉक्टर व्हायला लातूरला धाडलेला, बारावीत. मी अकरावीत. कॉलेजातून आले की अब्बूंच्या दुकानात बसते. त्यानंतर तो एकाच नोट्सला तीनदा स्पायरल मारून घ्यायला आला.

"पोरा, पानात भोकंच राहतील आता," मी म्हटलं.

"राहू दे. भोकातून तू दिसतीस."

असं म्हणून स्वतःच लाजला. बावळट!

त्या उडणाऱ्या बाईचं नाव रणजुई. किल्लारीच्या भूकंपानंतर छापलेलं एक जुनं कॉमिक होतं म्हणे, 'गढीची पलटण'. त्यात पाच महावीर. शेवटच्या अंकात धरणी हलते, गढी कोसळते, रणजुई छत खांद्यावर झेलते, बाकी चौघांना बाहेर ढकलते... आणि आत राहते. कॉमिक तिथंच बंद पडलं. अमान तीच गोष्ट नव्यानं, मोठ्या पुस्तकात, जलरंगात काढत होता.

"वाचव ना तिला," मी म्हटलं. "महावीर आहे. मरेल कशी?"

"मरते." तो खाली बघत म्हणाला. "माझी आपा मेली ना. आजोळी, किल्लारीकडं. मी तान्हा होतो. अम्मीला अन् मला तिनं दाराबाहेर ढकललं... अन् माळवद खाली आलं. रणजुईला जिती दाखवली तर खोटं होईल, सदफ."

थोरल्या बहिणीचं ऐकल्यावर मी तो हट्ट सोडला.

पुस्तक पुरं झालं. नांदेडच्या एका प्रकाशिका बाईंनी बघायला बोलावलं. पण अमानच्या अब्बांनी बजावलं होतं, बाईंनी पुस्तक ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर सगळे ब्रश विहिरीत आणि तोंडातून चित्राचं नाव काढायचं नाही. दुसरी प्रत नव्हती. होती ती हीच पानं.

आमचे अब्बू नेमके लग्नाला उदगीरला गेलेले.

"मी बांधते ना!" मी छाती काढून म्हटलं. "चार वर्षं सुई चालवतेय!"

मी शिलाई मारली. त्यानं वरून पुठ्ठा चिकटवला. मशीनवर कडा कापल्या. शिकंज्याच्या फळ्यांत आवळून रात्रभर दाबून ठेवलं.

सकाळी तो नांदेडची बस पकडायच्या आधी आला. पुस्तक उघडलं, आणि त्याचा चेहरा...

पहिल्याच पानावर दगडमाती. शेवटचं पान! त्याच्यामागं त्याच्या आधीचं. सगळं पुस्तक उलटं!

मला धरणी हलल्यासारखं झालं. आठवडाभर मी उर्दू शाळेच्या लायब्ररीची पुस्तकं शिवत होते. उर्दू उजवीकडून वाचतात, म्हणून ती उजवीकडून शिवायची असतात. हात आपोआप तिकडंच गेला! अन् अमान मराठी शाळेतला, त्यानं पुठ्ठा लावला मराठी पद्धतीनं. आता टाके उसवावेत तर खळ लागलेली पानं फाटणार.

"मुद्दाम केलंस," तो हळूच म्हणाला. "तुला ती जिती पाहिजे होती."

"अल्लाह कसम, नाही रे!" मी रडायला लागले. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर!

टाके कुठून उसवता येतील ते बघायला तो पानं उलटू लागला. एक... दोन... मग सावकाश.

दगड वर उठले. धूळ छतात परत गेली. ढिगाऱ्यातून रणजुईचा हात निघाला, मग केस, मग डोळे. बाहेर फेकलेले चौघं दारातून आत आले, तिच्याकडं. भेगा मिटल्या. आणि अगदी शेवटी, गढीच्या पायरीवर पाचही जण उकडलेल्या शेंगा खात बसलेले. रणजुई एकाला टरफल फेकून मारतेय.

अमाननं त्या पानावर तळहात ठेवला.

"आपाला मी बघितलंच न्हाई कधी," तो म्हणाला. "ती बी अशीच टरफलं मारत असंल."

"अमान, त्या बाईंना फोन कर. सांग, आज जमत नाही—"

"जमतंय. असंच नेतो."

पुस्तक छातीशी धरलं अन् गेला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही! रागावला होता? नव्हता? दिवसभर माझ्या हातून एक स्पायरल सरळ बसेना. अब्बू लग्नाची मिठाई घेऊन परतले, मी डबा तसाच काउंटरवर सारला.

संध्याकाळी दुकानाचा मोबाइल वाजला.

"सदफ... बाईंनी आधी तसंच वाचलं. मग फिरवून दुसरीकडनं. मग परत पहिल्यासारखं."

"आणि?"

"म्हणाल्या, छापायचं तर असंच. दोन्हीकडनं उघडणारं. बाइंडरचं नाव विचारलं."

मी खुर्चीत बसले.

"सदफ, तिथं मी भ्यालो न्हाई. हा फोन लावताना लई भ्यालो."

"का रे?"

"तुझ्या अब्बांनी उचलला असता तर..."

"तर काय सांगितलं असतंस?"

पलीकडं बसस्टँडचा गोंगाट. एक कंडक्टर 'लोहा, लोहा' ओरडत होता. मग—

"हेच... की सदफ आवडते मला."

अब्बूंनी कटिंग मशीन थांबवलं. "कौन है बेटा?"

'गिऱ्हाईक आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. गिळले.

"अमान है, अब्बू," मी म्हटलं. मग फोन तोंडाशी घेतला, आणि अब्बू बघत असतानाच, मराठीत, ठणठणीत सांगितलं,

"मला पण. ये आता लवकर."

अब्बूंनी चष्मा वर सरकवला, माझ्याकडं बघितलं, आणि मिठाईचा डबा उघडून आत पाहुण्यापुरती उरलीय का ते बघू लागले.