परीक्षणात राहून गेलेली बाई

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचे आणि रविवारी दुपारी सिनेमाला जायचं, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. घरी आला की कपडेही न बदलता तो टेबलाशी बसे आणि परीक्षण लिहून आपल्या ब्लॉगवर टाकी. वाचणारे जेमतेम साठ-सत्तर. पण रुबाब असा, की जणू याच्या एका शब्दावर सिनेमे तरतात नि बुडतात. बायको म्हणे, "नट्यांच्या कानातलं तुम्हाला पाठ असतं. माझ्या कानात काय आहे, ते न बघता सांगा पाहू."

तरी आपल्या नजरेतून काही सुटत नाही, याचा त्याला अभिमान होता. त्यामुळे 'मागची रांग' अशा टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया त्याला झोंबली. "छान लिहिलंय. जेवणाच्या प्रसंगात खिडकीबाहेर उभी असलेली बाई मात्र राहिली."

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून तो पुन्हा तोच सिनेमा बघायला गेला. जेवणाचा प्रसंग आला. खिडकीबाहेर खरंच एक बाई होती. राखाडी कोट, मधोमध भांग, हात खाली सोडलेले. जेवणाऱ्यांपैकी कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. त्याने मुकाट्याने ब्लॉगवर चूक कबूल केली.

तीन आठवड्यांनी कोर्टातल्या खटल्याचा सिनेमा आला. परीक्षणाखाली पुन्हा तेच नाव. "शेवटच्या बाकावरची बाई राहिली." तो परत गेला. तीच बाई, तोच कोट. दिग्दर्शक वेगळा, भाषासुद्धा वेगळी. मग लढाईच्या सिनेमात ती नदीपलीकडे सापडली. लढाईकडे तिने पाठ केली होती. ती प्रेक्षकांकडे बघत होती.

थिएटरचा डोअरकीपर हा सिनेमा दिवसातून चार वेळा बघत असे. याने त्याला गाठलं. डोअरकीपरने आठवून पाहिलं आणि नदीपलीकडे नुसती झाडं आहेत, बाईबिई काही नाही, असं सांगितलं. मग हळूच म्हणाला, "साहेब, स्वतःचा नंबर कधी तपासलात का?"

त्याने तपासला. डोळे ठणठणीत होते.

शेवटी बायकोला सगळं सांगितलं. तिने थट्टा केली नाही. पुढच्या रविवारी मीही येते, चार डोळ्यांना दिसेल ते खरं, एवढंच म्हणाली.

सिनेमा दोन भावांच्या भांडणाचा होता. हा कोण, ती याची कोण, असं बायको कानाशी विचारत राहिली आणि तो सांगत राहिला. मध्यंतराच्या जरा आधी मोठा भाऊ जिना उतरू लागला. जिन्याच्या तळाशी ती उभी होती. इतकी जवळ, की कोटाची बटणं मोजता यावीत.

त्याने बायकोचा हात दाबला. "दिसली?"

"कोण?"

"जिन्याखाली."

"कोणी नाही हो तिथे."

दिवे लागले. बायको पाणी प्यायला बाहेर गेली. परतेपर्यंत सिनेमा सुरू झाला होता. अंधारात चाचपडत ती शेजारी येऊन बसली.

पुढे ती बाई कुठेच आली नाही. त्याने प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी, गर्दीतला एकेक चेहरा धुंडाळला. नव्हती. बायकोनेही काही विचारलं नाही. सिनेमात रंगली असावी, असं त्याला वाटलं. वाटेत एकटा तोच बोलत होता, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला हलकं वाटत होतं.

घरी येऊन त्याने उत्साहाने लिहिलं. बाई मध्यंतराआधी दिसली, नंतर नाही, हेही लिहिलं. या वेळी राहिलं म्हणायला जागाच ठेवली नाही.

पाच मिनिटांत प्रतिक्रिया आली.

"बरोबर. मध्यंतरानंतर ती पडद्यावर नव्हती. पण तुमच्या पत्नी पाणी प्यायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत, हे राहिलं."

त्याने ते दोनदा वाचलं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

पावलं आली आणि त्याच्या खुर्चीमागे थांबली.

"याला काय उत्तर देणार आहेस?" तिने विचारलं. आवाज बायकोचाच होता.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. तिने त्याला आजवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं.