अकरा मैल

आकडे मी माझ्या डोळ्यांनी वाचलेत. त्यामुळे याला कुणी थाप म्हणू नका.

अमेरिकेत, मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला माझी मार्लिस आत्या एकटी राहते. गेल्या वर्षीच्या जानेवारीतली, सोमवारची सकाळ. पारा उणे पस्तीसवर. तिच्या नवऱ्याला, आर्वो काकांना, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

आत्या कामावर निघाली. गाडी काकांचीच, तीस वर्षांची, ऑटोमॅटिक. काकांचा नियम होता, सुरू करून सात मिनिटं थांबायचं, मगच हलवायची. तरी थंडीत तिचे नखरे ठरलेले. गियर टाकला की पाच सेकंद ढिम्म, मग खालून धाडकन दणका. पुढे दोन मैल पहिला गियर सोडायची नाही, नुसती बोंबलायची.

सात मिनिटं झाली. आत्याने गियर टाकला...

दणका बसलाच नाही.

कोपऱ्यावर दुसरा गियर. शाळेपाशी तिसरा. गाडी अलगद चालली होती.

आत्या घाबरली नाही. काका गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारचा ड्वेन गाड्या दुरुस्त करतो. आत्याने सांगितलं म्हणून बुधवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधीच, तो बघायला आला.

"मार्लिसवहिनी, रात्रीच्या कुठे हुंदडून आलात?"

"गप रे. नऊला झोपते मी. इंजिन गरम ठेवायची वायर लावली होती, म्हणून असेल."

"वायरने इंजिन गरम राहतं. गियरबॉक्स चालवल्याशिवाय तापत नाही."

त्याने गियरबॉक्सच्या तेलाची काडी उपसली, पुसायला गेला...

आणि हात झटकला. बोट भाजलं होतं.

दोघांनी मागे वळून पाहिलं. पहाटे भुरभुर बर्फ पडला होता. अंगणापासून रस्त्यापर्यंत चाकाचा माग नव्हता.

ड्वेन परत त्या गाडीला शिवला नाही.

त्या रात्री आत्याने मैलांचा आकडा कागदावर लिहून ठेवला. सकाळी तो अकराने वाढलेला. गुरुवारी रात्री पुन्हा लिहिला, शुक्रवारी सकाळी आणखी अकरा.

हॉस्पिटल तिथून अकरा मैलांवर आहे.

तेव्हा तिने मला फोन केला. आवाज अगदी सपाट.

"त्या रात्री आर्वो छातीत दुखतंय म्हणाला. मी त्याला गाडीत बसवलं. आणि थांबले."

"कशासाठी, आत्या?"

"गाडी गरम व्हायला. सात मिनिटं. रोजची सवय रे. तोही काही बोलला नाही. वाटेतच गेला. हॉस्पिटलचे दिवे दिसत होते."

हे तिने वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं.

शनिवारी मी तिच्याकडे गेलो. रात्री आकडा स्वतः वाचला. किल्ली उशीखाली घेऊन झोपलो. एकदाही इंजिनचा आवाज आला नाही.

सकाळी आकडा अकराने पुढे. अंगणात रात्री पडलेला बर्फ कोरा.

"विकून टाक ही गाडी," मी म्हणालो.

आत्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला शेजारी बसवून तिने गाडी सुरू केली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एक मिनिट... दोन...

"आत्या, गाडी गरमच आहे. आता कशाला थांबतेस?"

"जाऊन-येऊन बावीस मैल होतात," आत्या म्हणाली. "रोज अकराच होतात. म्हणजे तो अजून परत आलेला नाही."

मी बसलो होतो ती जागा त्या रात्री काकांची होती.

मी उतरून मागे जाऊन बसलो.