आतून न उघडणारं दार

“अहो, जरा बाहेरून उघडता का?”

ती भांडायच्याच तयारीने आली होती. काखेत रेक्झिनचा गुंडाळा, दातांत टाचणी, आणि दुकानाच्या तोंडावर कुणीतरी आडवी घातलेली ही जुनी जीप. अशा वेळी समोरच्याने आधी माफी मागायची असते. इथे मात्र चार बोटं खाली आलेल्या काचेच्या फटीतून दोन डोळे तिच्याकडे बघत होते आणि वर मदत मागत होते!

तिने दातांतली टाचणी काढली. “आतून काय झालं?”

“आत हँडलच नाही. आणि काच याच्या खाली येत नाही. रोज कुणी ना कुणी भेटतं उघडायला... आज तुम्ही.”

“रोज?”

“आठवडा झाला.”

तिला हसू आलं. ते दाबून तिने दार ओढलं. आतून एक उंच माणूस उतरला, उतरताना गुडघा आपटला, “आई गं!” म्हणाला आणि लगेच हसला. आता खोटं कशाला सांगा, तिचं अर्धं भांडण तिथेच विरघळलं.

तो गुरांचा डॉक्टर होता. जीप जुनीच घेतली होती. दारांच्या आतल्या फळ्या कुजून गेल्या होत्या, नुसता पत्रा उघडा पडला होता, आणि काच फिरवायच्या हँडलच्या जागी एक गंजका खुंट उरला होता. योगायोग असा, की ज्या दुकानासमोर तो अडकला ते दुकान याच कामाचं होतं. गाड्यांची सीटं शिवायची, दारांना आतून फळ्या बसवायच्या. दुकानात माणसं दोनच, ती आणि तिचे आप्पा.

“बघून घेतलीत ना?” तिने पत्र्यावर बोट वाजवत विचारलं.

“इंजिन बघितलं. दाराकडे लक्षच गेलं नाही.”

“इंजिनला कधी हात लावता? दाराला रोज लागतो.”

डॉक्टरने उघड्या पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, “माझी एक अट आहे. बसवायचं काम मी करणार, तुम्ही शिकवायचं. माझी बदली वर डोंगरात होणार आहे. तिथे दोन दिवसांच्या वाटेवर गॅरेज नाही.”

आप्पांनी स्टुलावरूनच नकाराची मान हलवली. गिऱ्हाइकाने हत्याराला हात लावलेला त्यांना खपत नसे. पण ती पटकन म्हणाली, “शिकू दे की, आप्पा. शिकलेला बरा.” आप्पांनी चष्म्यावरून लेकीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग तो रोज दुपारी दवाखाना आटोपून यायला लागला. पातळ फळी कापायची, तिच्यावर स्पंज चिकटवायचा, वरून रेक्झिन ताणून मागे दुमडायचं. त्याला ताणायलाच जमेना.

“ओढा! गाय नाहीये ती, दुखत नाही तिला.”

“गाय असती तर मीच तुम्हाला शिकवलं असतं.”

“मग मी काय केलं असतं?”

“लाथ खाल्ली असती. पहिल्या दिवशी सगळेच खातात.”

“तुम्ही?”

“मी अजून खातो.”

ती खळखळून हसली. गोंदाने चिकट झालेल्या हाताने तिने कपाळावरची बट मागे सारायला पाहिली, आणि ती बट तिथेच चिकटली. डॉक्टरने ती सोडवायला हात उचलला... आणि मध्येच आप्पा खोकले. हात खाली आला. आप्पांना त्या आठवड्यात खोकला फार झाला होता.

त्या दुकानाची एक रीत होती. फळी बसवण्याआधी तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहायचं. कडी कशी आहे, काच जड चालते का, कुठला स्क्रू लहान पडला. पुढे कधी कुणी दार उघडलं तर त्याला कळावं म्हणून. “मागे खोटं लिहायचं नाही,” आप्पा सांगायचे. “पुढून कुणाला दिसत नाही, म्हणून तर खरं लिहायचं.” डॉक्टरला ही रीत फार आवडली. डाव्या दाराच्या फळीमागे त्याने स्वतःच्या गिचमिड अक्षरात लिहिलं, ‘काच ठीक. खालचा स्क्रू वाकडा गेला, चूक माझी.’ तिने ते दोनदा वाचलं. चूक अशी सरळ कबूल करणारा पुरुष तिला आवडून गेला. आवडून गेला म्हणजे काय, जिवाला लागूनच राहिला.

गुरुवारी तो आला तो दारातूनच म्हणाला, “ऑर्डर आली. सोमवारी हजर व्हायचंय. शनिवारी सकाळी निघतो.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

तिने मनातल्या मनात महिने मोजले. तोंडाने मात्र ती म्हणाली, “मग हे उजवं दार आजच व्हायला हवं. द्या तो पाना इकडे. तुमच्याने संध्याकाळ होईल. जा, समोर चहा सांगून या.”

तो गेला. ती फळी मांडीवर पालथी घेऊन बसली. पेन्सिल उचलली. ‘कडी नवी. काच हलकी चालते.’ एवढं लिहून ती थांबली. मागे खोटं लिहायचं नाही, पण एवढं लिहून गप्प बसणं हेही खोटंच नव्हतं का? बाहेर कपबश्यांचा आवाज आला. तिने भराभर खाली लिहिलं, ‘हा माणूस जाऊ नये असं मला फार वाटतं.’ आणि कुणी बघायच्या आत फळी दारावर दाबली, स्क्रू पिळले, काचेचं हँडल बसवलं, कडीचं हँडल बसवलं. मेलं एकदाचं, तिला वाटलं. आता दहा-पंधरा वर्षं तरी हे कुणी उघडत नाही.

चहा झाला. शेवटचं काम पाण्याचं. माणूस आत बसतो, काचा वर करतो, बाहेरून नळीने पाणी मारायचं आणि आत थेंब येतो का ते बघायचं. जीप डाव्या बाजूने भिंतीला लागून उभी होती, म्हणून डॉक्टर याच दाराने आत चढला आणि दार लावून घेतलं. तिने नळी धरली. काचेवरून पाणी ओघळत होतं, पलीकडे त्याचा चेहरा हलत, विरघळत होता, आणि तो हसून ‘ठीक, ठीक’ अशी मान डोलवत होता. शनिवारी आपण हे कुठून बघणार, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. बरं झालं, सगळीकडे पाणीच होतं.

तिने नळी बंद केली. तो उतरेना. हँडल ओढत होता... पुन्हा ओढत होता. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सळई! हँडलपासून कडीपर्यंत जाणारी सळई तिने अडकवलीच नव्हती. नऊ वर्षांत एकदाही न झालेली चूक.

“थांबा! मी बाहेरून उघडते!” ती धावली.

पण शिकलेला विद्यार्थी कसला थांबतो? त्याने आतून खिटी दाबून दार लॉक केलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर वर करून दाखवला आणि काचेमागून ओठांनीच म्हणाला, “मी करतो.”

“नको! अहो, नको!” ती काचेवर थापा मारत राहिली. आप्पा स्टुलावरून उठले. “अगं, करू दे की. शिकलेला बरा, तूच म्हणालीस.”

आधी हँडलं निघाली, मग एकेक स्क्रू. फळी सुटली. त्याने ती पालथी केली, लिहिलेलं बघायला. तिने बाहेर दोन्ही हातांनी तोंड झाकलं, पण बोटांच्या फटीतून बघत राहिली. त्याने वाचलं. मान वर केली नाही. पुन्हा वाचलं. मग सळई अडकवली, खिटी वर केली, हँडल पुन्हा बसवून ओढलं, आणि दार आतून अलगद उघडलं. फळी हातात घेऊन तो खाली उतरला.

“हे खरं आहे?”

“मागे खोटं लिहीत नाही आम्ही.”

“मला जावं लागेल. वर शेकडो शेळ्या-मेंढ्या आहेत आणि डॉक्टर एकही नाही.”

“जाऊ नका असं कुठं लिहिलंय? वाटतं, असं लिहिलंय.” तिने फळीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. “वाटतं त्याला मी काय करू?”

“मला पहिल्या दिवसापासून वाटतंय,” तो म्हणाला. “विचारायचं कसं, तेच कळत नव्हतं. डोंगरात दोन वर्षं, खोली एक, पाणी बाहेरून आणायचं. तिथे चल म्हणून तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?”

“याच तोंडाने सांगा. चांगलं आहे.”

“चला मग. माझ्याशी लग्न करून चला.”

“येईन,” ती म्हणाली. “पण शिलाईचं मशीन घेऊन येईन. तिथल्या लोकांनाही गाद्या लागतच असतील.”

आप्पा या वेळी खोकले नाहीत. ते जीपजवळ आले, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. चांगलं दहा वेळा केलं. लेकीशिवाय दुकान कसं चालेल याचा ते विचार करत असावेत. शेवटी म्हणाले, “दार ठीक आहे. माणूस कसा आहे?”

“माणूस ठीक आहे, आप्पा.”

“मग डॉक्टर, शनिवारी जा. आणि सुट्टी मिळाली की आई-वडिलांना घेऊन या. मशीन लग्नाआधी हलणार नाही.”

सुट्टी दीड महिन्याने मिळणार होती. शनिवारी सकाळी जीप सुरू झाली. त्याने काच सरसर खाली घेतली, हात बाहेर काढून तिचा हात धरला, आणि मागची गाडी हॉर्न वाजवायला लागेपर्यंत सोडला नाही. मग जीप कोपऱ्यावरून वळली. ती आत आली, मशीनवर बसली आणि रेक्झिनवर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली.

“अगं वेडे,” आप्पा गडबडले. “सगळं ठरलंय ना? दीड महिन्यात येतोय तो.”

“माहीत आहे,” ती नाक पुसत म्हणाली. “पण मला आजच हवा होता.”