ओढ्यातला गुलाबी कीस

मुलुंडच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यात एक तरुण गुडघाभर पाण्यात उभा राहून परात धूत होता. रविवारी सकाळी सात वाजता डोंगरात येऊन परात धुणारा माणूस चोरच असणार, याबद्दल फिरायला आलेल्या मधुवंतीला काडीचीही शंका नव्हती.

मुलीचं नाव मधुवंती ठेवताना आईवडिलांच्या मनात गोडवा वगैरे असणार. मुलगी मोठी झाली आणि मरोळच्या एका दागिन्यांच्या कारखान्यात दारावर झडती घ्यायला लागली. पॉलिशच्या विभागातल्या दीडशे बायका घरी निघाल्या की त्यांचे केस, कॉलर, बाह्या ब्रशने झाडायच्या आणि पडलेला सोन्याचा कीस चटईवरून गोळा करायचा. सहा दिवस दीडशे जणींवर संशय घेतला की सातव्या दिवशी तो आपोआप येतो.

ती वरच्या अंगाने ओढा ओलांडून त्याच्यापाशी आली. बुटांसकट, कारण पाण्यात बाटल्यांच्या काचा होत्या, आणि कामावरचे कापडी बूट तसेही मळकेच होते.

"परात कोणाची?" तिने विचारलं.

"माझी."

"आणि रोळताय काय?"

तो खरंच रोळत होता. आई तांदूळ रोळते तशी परात तिरकी धरून, हलकं ते वाहू देत, जड ते तळाशी राखत…

"सोनं," तो म्हणाला.

त्याचं नाव सम्यक. घाटकोपरच्या एका ज्युनिअर कॉलेजात तो भूगोल शिकवायचा. त्याने तिला समजावलं, की लोक सुट्टीला गळ टाकून बसतात ना, तसंच जगात काही लोक डोंगरातल्या ओढ्यांत सोनं शोधतात, निव्वळ हौस म्हणून. मग त्याने हेही आपणहून सांगितलं, की इथला सगळा काळा दगड लाव्हाचा, यात सोनं सापडत नाही, आणि गेल्या आठ महिन्यांत त्याला एक कणही मिळालेला नाही.

"मग इथेच कशाला?"

"इथे गर्दी नसते ना."

एवढ्यात तो थबकला. परात हळूच तिच्या बाजूला कलती केली… दोन डोकी एकदम खाली वाकली. त्याच्या ओल्या केसांतला एक थेंब तिच्या मनगटावर पडला. काळ्या रेतीत एक कण चमकत होता.

सम्यकच्या डोळ्यांत पाणी आलं. मधुवंतीही आणखी खाली वाकली, पण वेगळ्या कारणाने. कण गुलाबी होता. शिवाय स्प्रिंगसारखा वळलेला. निसर्ग सोनं पिवळं करतो. त्यात तांबं घालून ते गुलाबी करण्याचं काम मरोळमध्ये चालतं. हा कीस होता. अठरा कॅरेटचा.

कारखान्यात सहा महिने सोन्याची घट वाढत चालली होती. नलिनी मॅडम, म्हणजे तिच्या वरिष्ठ, स्पष्ट म्हणाल्या होत्या, की महिनाअखेरपर्यंत सोनं जातं कुठे ते शोध, नाहीतर दारावर दुसरी कोणीतरी बसेल. तोवर दीडशे बायकांना दोनदोनदा झाडून काढलं जात होतं आणि त्या मधुवंतीकडे बघेनाशा झाल्या होत्या. आणि इथे चोरीचा माल धुणारा माणूस तिच्यासमोर भावुक होऊन उभा. या मुलाला आता नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. तिच्या वयाच्या मुली असं ठरवतात, पण सहसा इतर कारणांनी.

पुढच्या रविवारी ती थर्मासभर चहा घेऊन आली. ओढा ओलांडला, चहा ओतता ओतता चौकशी केली. मरोळमध्ये नातेवाईक? नाहीत. कुर्ल्याला मावशी आहे, ती पापड लाटते. त्याने जीभ सैल करावी म्हणून तिने स्वतःच्या नोकरीचं संकटही सांगून टाकलं. तो परातीतच बघत होता. मग तिने पर्समधून ब्रश काढला.

"तुमच्या केसांत काहीतरी आहे," ती म्हणाली, आणि पांढरा रुमाल अंथरून त्याचं डोकं शास्त्रशुद्ध झाडलं. एक सुकलेलं पान आणि एक चालता किडा निघाला. तो डोळे मिटून उभा. ती थांबली तसा म्हणाला, "डावीकडचं राहिलं…"

तिने डावीकडचंही झाडलं. तपास अर्धवट ठेवणं बरं नाही.

त्या दिवशी तीन कण मिळाले. घरी जाऊन तिने वहीत नोंद केली – 'संशयित हसतो. गालाला खळी. खोली कमी, आत माल लपवता येणार नाही. पुन्हा तपासावी.'

तिसऱ्या रविवारी संशयिताचं वागणं बिघडलं. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून तो तिच्या पायांकडे बघायला लागला. सहा कण सापडले तरी हसला नाही. निघताना म्हणाला, पुढच्या रविवारी तुम्ही आला नाहीत तर बरं होईल.

टोळी येणार, हे उघड होतं. मग उतरताना तिने तीनदा मागे वळून का पाहिलं, याचा मात्र तपास लागला नाही.

चौथ्या रविवारी ती झाडामागे लपली. तीन तासांत टोळी आली नाही. सम्यक एकटाच रोळत राहिला. परात दरवेळी रिकामी. शेवटी तो दगडावर बसला, मोठ्या दुखवट्याला आल्यासारखा. तेवढ्यात मधुवंतीला लाल मुंगी चावली आणि तपास संपला.

"कोण येणार होतं?" तिने पोटरी चोळत विचारलं.

"कोणी नाही. तुम्ही न येणं… हाच प्रयोग होता."

त्याने खिशातून काचेची इवली कुपी काढली. त्यात तीन रविवारचे दहा कण. तुम्ही वरून ओढा ओलांडलात की खाली सोनं मिळतं, तो म्हणाला. तुमच्या वाटेच्या वर कधीच नाही. आज तुम्ही नव्हता, तर काहीच नाही.

मधुवंतीने बुटांकडे पाहिलं.

आतल्या बायका बूट बदलतात. ती उंबऱ्याच्या एक पाऊल बाहेर बसते, म्हणून तो नियम तिला नाही. दीडशे जणींचा कीस झाडायचा, चटईही आपणच झटकायची, आणि त्याच बुटांनी घरी यायचं. झडती घेणारीची झडती कोण घेणार? घट वाढली सहा महिन्यांपासून. ती दारावर बसली, तीही सहा महिन्यांपूर्वीच.



"गप्प बसला असतात," ती म्हणाली, "तर मी दर रविवारी आले असते. सोनंही मिळालं असतं. मग सांगितलंत का?"

"महिना संपतोय. तुमचं दार जाईल." त्याने कुपी तिच्यापुढे धरली. "आणि सोन्याचं म्हणाल तर… दोन रविवार झाले, मी वाट त्याची बघत नव्हतो."

मधुवंतीने हे वाक्य मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यात कुठे काही लपवलेलं सापडलं नाही. हे फारच संशयास्पद होतं.

बूट ओढ्यात सोडून दिले असते तर कोणालाच कळलं नसतं. पण त्या दीडशे जणी रोज दोनदा झाडल्या गेल्या असत्या. सोमवारी सकाळी तिने बूट आणि कुपी नलिनी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आता माझी झडती घ्या."

मॅडमनी पाव तास बूट झाडले. कागदावर गुलाबी धूळ साचत गेली. मग फोन झाले, वरचे साहेब खाली आले, तिला चार तास बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळी निकाल लागला. बूट जप्त, ते जाळून राखेतून सोनं काढायचं. खुर्ची कायम. मात्र यापुढे सुटताना मॅडम तिलाही झाडणार. हे कळल्यावर रांगेतली एक बाई सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसली. जरा जास्तच.

मधुवंती अनवाणी बाहेर पडली. समोर, पानाच्या टपरीशेजारी, सम्यक उभा होता. हातात चपलांचे दोन जोड.

"कोणी पाठवलं?" ती म्हणाली.

"मापाची खात्री नव्हती, म्हणून दोन आणले."

"ते नाही विचारलं. किती वाजल्यापासून उभा आहेस?"

"दुपारपासून. कॉलेजात सांगितलं, ताप आहे."

"म्हणजे खोटं बोलतोस."

"कॉलेजशी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तू आवडतेस मला… हे खरं आहे. बघ तपासून."

मधुवंतीने त्याचा हात हातात घेतला. नखं पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, तळवा उजेडाकडे धरून नीट न्याहाळला. सगळं स्वच्छ होतं. नियमाप्रमाणे तपासलेली वस्तू ताबडतोब परत करायची असते…

ते काही तिच्याकडून झालं नाही.