सातव्या प्रकरणातला दुसरा माणूस

बहात्तरी ओलांडल्यावर प्राध्यापकांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि आत्मचरित्राचं घोडं पहिल्या प्रकरणातच अडलं. शेवटी मुलीने एक छोटा रेकॉर्डर आणून टेबलावर ठेवला. "बाबा, तुम्ही नुसतं बोला. टाइप करणारं माणूस मी शोधते."

सापडल्या त्या टंकलेखिका बाई. कोर्टात सव्वीस वर्षं साक्षी टाइप करून निवृत्त झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "ऐकलं ते टाइप करते, सर. मनाचं घालत नाही, नको ते गाळत नाही."

प्राध्यापकांना हे आवडलं. पदार्थविज्ञानात जन्म घालवलेल्या माणसाला आणखी काय हवं?

रोज सकाळी नऊला ते अभ्यासिकेचं दार लावून घेत. समोर खिडकी, हाताशी पाण्याचा पेला. तासभर रेकॉर्डरपुढे बोलत; ते ऐकून बाई घरून पानं टाइप करून पाठवत. मधेच थांबत, आठवत, पुन्हा बोलू लागत. सहा प्रकरणं अशी सुरळीत झाली. सातवं त्या प्रयोगाचं होतं.

तीस वर्षांपूर्वी किरणोत्सारी द्रव्याच्या खोलीतला मापक एकाच आठवड्यात दोनदा भलताच मोठा आकडा दाखवून गेला होता. परिषद तोंडावर आली होती, प्रयोग थांबवणं परवडणारं नव्हतं. 'मापक सदोष, दुर्लक्ष करावे' असं लिहिलेल्या कागदावर प्राध्यापकांनी सही केली. नमुना बदलायला आत गेला तो तंत्रज्ञ. खिशात कायम पक्कड असायची म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणत. दोन वर्षांनी तो रक्ताच्या आजाराने गेला. रेकॉर्डरपुढे प्राध्यापकांनी हे सगळं एका वाक्यात बसवलं : त्या काळी आमचं ज्ञान अपुरं होतं.

सातव्याची पानं आली तेव्हा त्यांना वाटलं, बाईंनी चुकून भलत्याच कुणाचं काम पाठवलं. पानं प्रश्नोत्तरांची होती.

ते : तो आकडा तुम्ही किती वेळा वाचलात?
सर : दोनदा. कुठलंही मोजमाप मी दोनदा घ्यायचो, ती माझ्या गुरूंची शिस्त.

शिस्तीबद्दल प्राध्यापक बोलले होते खरे. पण वाक्याची सुरुवात 'दोनदा' अशी का केली होती, ते काही केल्या आठवेना.

त्यांनी बाईंना फोन लावला. "हे 'ते' म्हणजे कोण?"

"तुमच्यासोबत बसले होते ना, ते गृहस्थ. नाव कळलं नाही, म्हणून 'ते' लिहिलं."

"मी एकटाच होतो."

"हळू बोलतात, सर. पण स्पष्ट. सर्दी झाल्यासारखा आवाज आहे. कोर्टात याहून वाईट आवाज ऐकलेत मी, चूक होणार नाही."

प्राध्यापकांनी रेकॉर्डर कानाशी धरून सगळं प्रकरण तीनदा ऐकलं. स्वतःचा आवाज आणि मधली शांतता, बस. वयामुळे कान दगा देत असतील म्हणून ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणी झाल्यावर डॉक्टर हसले. "तिशीतल्या माणसाला लाजवाल."

मग त्यांनी मुलीला बोलावलं. काय ऐकायचं ते मुद्दाम सांगितलं नाही, पानंही दाखवली नाहीत. फक्त वही दिली. "ऐकू येईल ते लिहून काढ."

मुलगी शाळेत गणित शिकवायची, अक्षर मोत्यासारखं. तिने अर्धा तास मान खाली घालून लिहिलं. प्राध्यापकांनी वही घेऊन बाईंच्या पानांशी ताडून पाहिली. प्रश्न शब्दाला शब्द तेच होते. दोन स्वतंत्र निरीक्षकांची एकच नोंद. एखाद्या विद्यार्थ्याने ही आणली असती तर त्यांनी डोळे झाकून मान्य केली असती.

"पक्कडकाका असतील का गं?" त्यांनी विचारलं. विचारताना आपलीच त्यांना लाज वाटली; पण उत्तर 'हो' यावं, असंही वाटत होतं. निदान एक नाव तरी मिळालं असतं.

"नाही, बाबा. काकांनी मला सायकल शिकवली. त्यांचा आवाज मी विसरेन का?"

त्यांनी ध्वनिमुद्रण संगणकावर घेतलं. पडद्यावर आवाजाची रेघ सरकू लागली. ते बोलत तिथे रेघ उसळायची, थांबत तिथे इस्त्री फिरवल्यासारखी सपाट व्हायची.

"आता बोलताहेत," मुलगी म्हणाली.

त्यांनी सपाट रेघेवर बोट ठेवलं. "बघ. इथे काहीच नाही."

"दिसतंय मला. तरी बोलताहेत."

ती खोटं बोलत नव्हती. यंत्रही बिघडलेलं नव्हतं. प्राध्यापक त्या दोघांच्या मधे बसून राहिले. मापक आणि माणूस यांतलं कुणाचं खरं मानायचं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यात एकदाच, फार घाईत सोडवला होता. आज घाई नव्हती.

"काय विचारतोय तो?"

मुलीने खाली बघितलं. "काकांना आत पाठवताना तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत का, असं."

ध्वनिमुद्रणातलं पुढचं वाक्य प्राध्यापकांच्याच आवाजात आलं : "नाही. समोरच्या टेकड्यांवर धुकं होतं, मी तिकडे बघत होतो."

शेवटचं प्रकरण 'उद्याचा माणूस' या नावाचं होतं. विज्ञानाने येणाऱ्या पिढ्यांच्या हाती काय द्यावं, यावर त्यांनी टिपणं काढली होती. ती त्यांनी बाजूला सारली. त्या सकाळी ते चाळीस मिनिटं सलग बोलले. कुणाला शिरायला फट राहू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेतला. आकडा खरा वाटला होता, हे सांगितलं. तरी सही केली, हे सांगितलं. उद्याच्या माणसाला आपल्याकडून द्यायला एवढी एकच खरी गोष्ट आहे, तीही तीस वर्षं उशिरा, असं म्हणून त्यांनी रेकॉर्डर बंद केला. कितीतरी दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाईंचा फोन आला.

"सर, शेवटचं प्रकरण टाइप झालं. पण तुमचा भाग कधी पाठवताय?"

"माझा भाग?"

"यात तुम्ही नाहीच. सगळं ते एकटेच बोललेत. चाळीस मिनिटं. फार प्रामाणिक बोललेत हो, माझे हात थांबले मधे."

"बाई, तो मी आहे. तो माझा आवाज आहे."

"हॅलो?"

"मी बोलतोय. ऐकू येतंय ना?"

"हॅलो... सर? आवाज गेला वाटतं तुमचा."

ते जवळजवळ ओरडले. पलीकडे बाई कुणाला तरी म्हणाल्या, "लाइन खराब आहे."

प्राध्यापक थांबले. फोन कानाशीच होता. खोलीत काही हललं नाही. पाच-सहा सेकंद ते नुसते उभे राहिले, तोंड मिटून.

"हां, आता येतंय," बाई म्हणाल्या. त्यांचा सूर मोकळा झाला होता. "नाही नाही, ओळखला ना मी तुमचा आवाज. बोला."