रिकाम्या टाकीतले ठोके

काम नेहमीचंच होतं. रिकाम्या टाकीत शिरायचं, पोलादी भिंतीची जाडी मोजायची आणि आकडे साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. सव्वीस वर्षं हेच करतोय. आता अंगात कंटाळासुद्धा उरलेला नाही, नुसता शीण आहे.

तेलाबरोबर जमिनीच्या पोटातून पाणी येतं, समुद्राहून खारं. ते या टाक्यांत साठतं आणि पोलाद खातं. वर क्षारांचा पांढरा थर चढतो, भिंत धडधाकट दिसते, आणि थराखाली कीड लागलेली असते.

दुपारचे तीन वाजले होते. टाकीच्या तोंडाशी माझा मेव्हणा पहाऱ्याला होता.

"लवकर या, भावोजी. मला ताईला तोंड दाखवायचंय."

आत मिट्ट काळोख. विषारी वायू तपासून झाला होता, तरी कुजक्या अंड्यांचा वास नाकात बसत होता. कुठेतरी थेंब पडत होता. मी बॅटरी धरली आणि हातोडीने भिंत ठोकली. ठण, ठण, ठण. चांगलं पोलाद खणखणतं, किडलेलं बद्द वाजतं.

समोरच्या अंधारातून उत्तर आलं. ठण-ठण... ठण.

"अरे, बाहेरून ठोकू नकोस!"

"मी? मी दारातच बसलोय, भावोजी..."

दोन जोडून, मग दम घेऊन एक, असं एकच माणूस ठोकायचा. माझे उस्ताद. शेजारच्या टाकीची भिंत पातळ झालीय, असं त्यांनी चारदा लिहून दिलं होतं. कुणी ते कागद उलगडलेसुद्धा नाहीत. दोन वर्षांपूर्वी ती भिंत फुटली, तेव्हा ते तिच्याखालीच उभे होते.

ठण-ठण... ठण.

मी आवाजामागे गेलो. आवाज थांबला तिथे क्षारांचा तळहाताएवढा जाड थर होता. तो खरवडून जाडी मोजायचं यंत्र टेकवलं. भिंत मुळात बारा मिलिमीटरची. आकडा आला एक पूर्णांक चार.

"उस्ताद...?" मी हळूच म्हटलं.

नुसता थेंब पडला.

बाहेर आल्यावर मी त्या जागेच्या मागे जाऊन पाहिलं. तिथे उभं राहायला जागाच नव्हती. भिंतीला लागून गाळाचा खड्डा होता. गाळावर तेलाची साय धरलेली, कुठेही न मोडलेली.

आकडा बघून साहेब म्हणाले, "आज टाकी भरून घेऊ, उद्या बघू."

खाली पंपघरात आठ माणसं होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. "भरा. पण भरताना तुम्ही स्वतः भिंतीखाली उभे राहा."

टाकी भरली नाही. दुसऱ्या दिवशी वेल्डरने तिथे छिन्नी टेकवली, तर ती पापडात जावी तशी आरपार गेली. वाटलं, सुटलो. उस्तादही सुटले असतील.

पुढच्या आठवड्यात कामगारांची वार्षिक तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी मला शर्ट काढायला लावला आणि पाठीवर बोटाने ठोकत गेल्या. उजवीकडे. मग डावीकडे. तिथे त्या थबकल्या.

"तुम्ही काही वाजवताय का?"

"नाही, बाई. हात मांडीवर आहेत माझे."

त्यांनी पुन्हा एकदा ठोकलं आणि श्वास रोखून थांबल्या. या वेळी मलाही ऐकू आलं. माझ्या बरगड्यांच्या आतून.

दोन जोडून... मग दम घेऊन एक.