दुधाळ डोळ्याचा मासा

त्या रविवारी घराबाहेर पडायचं त्याच्या मनातच नव्हतं. ताईनं त्याला अक्षरशः ढकलून काढलं.

"जा, जरा मोकळी हवा खाऊन ये," ती म्हणाली. "आरशात तोंड बघ एकदा. आजारी अण्णा आहेत की तू, असं विचारतील लोक. मी आहे ना दिवसभर त्यांच्यापाशी."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सायकलवाल्या मंडळींत त्याला लिफ्टवालाच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. दिवसभर उंच इमारतींच्या पोटातल्या काळ्या विहिरींत लोंबकळायचं, आणि घरी आलं की वडिलांची कूस बदलायची, अंग पुसायचं, चमच्याचमच्यानं भरवायचं. अण्णा अंथरुणाला खिळून बरेच दिवस झाले होते. छाती भरली की इस्पितळात न्यायचं. तिथं घशात नळी घालायची वेळ आली की डॉक्टर विचारायचे, "काय करू या?" लिफ्टवाला दर वेळी एकच शब्द बोलायचा, "वाचवा." आणि अण्णा वाचायचे. पण प्रत्येक खेपेला थोडे कमी होऊन घरी यायचे. बोलणं तर केव्हाच बंद झालं होतं. उजवी पापणी मिटलेली असायची. डावा डोळा तेवढा उघडा, मोतीबिंदूनं दुधासारखा झालेला, छताकडे लागलेला.

गल्लीच्या तोंडाशी दाजी, म्हणजे ताईचे यजमान, सायकलला टेकून वाट बघत होते. चष्म्यांचं दुकान चालवणारा हा माणूस गप्प बसला तर आजारी पडेल अशी सगळ्यांची खात्री होती.

"या महाराज! मासे म्हातारे झाले वाट बघून."

त्यांचा खेळ साधा होता. आठ-दहा जणांनी सायकलींवर निघायचं आणि शहरातली तळी एकामागून एक गाठायची. प्रत्येक तळ्यात गळ टाकून एक मासा पकडायचा, मोजपट्टीवर ठेवून त्याचा फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. संध्याकाळी खाणीच्या तळ्यावर जमून सगळ्यांच्या माशांची लांबी मिळवायची. जिंकेल त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. बक्षीस एवढंच, पण त्यावरून चालणारी भांडणं ऐकली तर वाटावं, इस्टेटीच्या वाटण्या चालल्यात. मंडळींत सगळ्यांत वडीलधारे होते कंपाउंडर. इस्पितळातल्या नोकरीतून ते निवृत्त झाले होते. कधी जिंकत नसत, पण एकही रविवार चुकवत नसत. खेळाचा एकुलता एक नियम त्यांनीच घालून दिला होता. मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवायचा नाही.

पहिलं तळं पंपघराच्या मागचं. आभाळ झाकोळलेलं होतं, पाणी शिशासारखं जड दिसत होतं. पंपाची घरघर काठाच्या दगडांतून पायांना जाणवायची. लिफ्टवाल्यानं गळ टाकला आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे बघता बघता त्याचे डोळे मिटायला लागले.

बूच बुडालं. त्यानं रीळ गुंडाळायला घेतलं, पण ओढ अशी नव्हतीच. मासा झुंजला नाही. ओली चादर ओढून घ्यावी तसा मुकाट्यानं वर आला. वीतभर लांब, करड्या रंगाचा, जागोजागी खवले गळालेला. डावा डोळा दुधाळ. उजव्या डोळ्यावर कातडीचा पडदा आलेला.

"म्हातारा दिसतोय," दाजी म्हणाले. "माझ्या दुकानात आण, नंबर काढून देतो."

लिफ्टवाला हसला. पट्टी पिशवीच्या तळाशी गेली होती. ती सापडेपर्यंत मासा गवतावर पडून राहिला. फोटो झाला, आणि त्यानं मासा पाण्यात सोडला. थोडा वेळ तो तिथंच कुशीवर तरंगला. मग हळूच खाली गेला.

सायकलवर टांग मारतो तोच फोन आला. ताई होती.

"घाबरू नकोस. मघाशी अण्णांनी एकदम डोळे फिरवले. श्वासच लागेना. मी तुला फोन लावणार, तेवढ्यात आपोआप लागला बघ. आता ठीक आहेत."

"मी येतो घरी."

"येऊन काय करणार? आत्ता निजलेत. जा तू."

दुसरं तळं बंद पडलेल्या कारखान्यामागं होतं. वाटेत मोठा रस्ता, चढावरची वस्ती आणि रेल्वेचा पूल. या तळ्याला ना ओढा येऊन मिळत होता, ना नाला. तेलकट पाणी, आणि कुठंतरी पत्रा वाऱ्यावर कण्हल्यासारखा वाजत होता. लिफ्टवाल्याचे पाय भरून आले होते. त्यानं गळ टाकला, आणि टेकायच्या आत बूच बुडालं.

पुन्हा तीच ओली चादर.

मासा वर आला. वीतभर लांब. करडा. दुधाळ डोळा. आणि खालच्या ओठाला एक ताजं भोक, सकाळच्या गळाचं. त्याच्याशेजारीच आताचा गळ रुतला होता.

"दाजी... हा तोच आहे."

"कोण तोच?"

"सकाळचा मासा."

दाजींनी चष्मा कपाळावर चढवून निरखून पाहिलं. "तुला झोपेची गरज आहे बाबा. म्हातारे मासे सगळे सारखेच दिसतात. माणसांचंही तसंच असतं."

लिफ्टवाल्यानं मासा हातात घेतला. त्याला चिखलाचा वास नव्हता, शेवाळाचाही नव्हता. औषधाचा, पावडरीचा आणि बंद खोलीतल्या आंबूस घामाचा वास येत होता. रोज रात्री उशीची खोळ बदलताना यायचा तसा. तो तसाच हातात धरून उभा राहिला. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. मग उघडलेलं तोंड मिटेना. तेव्हा भानावर येऊन त्यानं तो पाण्यात टाकला.

फोन वाजला.

"पुन्हा तसंच झालं रे," ताईचा आवाज कापत होता. "या वेळी जरा जास्त वेळ. ओठ निळे पडले होते. पण परत आले. काय होतंय काही कळत नाही..."

"येतो मी," तो म्हणाला. पण घरी जायचा रस्ता तिसऱ्या, बागेच्या तळ्यावरूनच होता, आणि तिथं दाजी आधीच पुढं जाऊन गळ टाकून बसले होते. त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं, "दाजी, गुंडाळा. घरी जायचंय. अण्णांचं..."

"आलाच, आलाच! हा एवढा काढतो." दाजींची काठी वाकली होती. "अरे वा, काही ओढच नाही याला!"

लिफ्टवाल्यानं ताईला फोन लावला. ती उचलते न उचलते तोच इकडं दाजींनी मासा वर काढला.

"अगं बाई..." फोनमध्ये ताई म्हणाली. "अण्णा? अण्णा!"

दाजींच्या हातात मासा लोंबत होता. खालच्या ओठाला दोन भोकं, आणि तिसऱ्यातून गळ आरपार. दुधाळ डोळा सरळ लिफ्टवाल्याकडे.

"श्वास नाही रे!" ताई रडत होती. "छाती हलतच नाही. काय करू? सांग ना, काय करू?"

"फोटो काढ लवकर," दाजी हसत म्हणाले. "याच्यावरच जिंकतो बघ."

"सोडा त्याला!" लिफ्टवाला असा ओरडला की बागेतली माणसं वळून बघू लागली. "दाजी, सोडा! पाण्यात टाका आधी!"

दाजींच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. त्यांनी घाईघाईनं गळ उपटला आणि मासा पाण्यात टाकला. पाण्यावर लहानसं वलय उठलं.

फोनमध्ये बराच वेळ काही नव्हतं. मग खोल विहिरीतून बादली वर यावी तसा घरघरता श्वास ऐकू आला.

"आले," ताई म्हणाली. "परत आले." आणि मग अगदी हळू, "अरे, बोलले ते! इतक्या दिवसांनी... बोलले!"

"काय म्हणाले?"

"म्हणाले... 'कशाला?'"

त्यानं फोन खिशात ठेवला. दाजींना त्यानं घरी पाठवलं. ताई एकटी आहे, तुम्ही पुढं व्हा, मी आलोच, असं सांगितलं. दाजींनी पहिल्यांदाच एकही विनोद न करता सायकल वळवली.

तो मात्र घरी गेला नाही. का गेला नाही, हे त्याला धड सांगता आलं नसतं. चाकं खाणीच्या रस्त्याला लागली आणि त्यानं ती वळवली नाहीत. चढावर पॅडल मारता मारता छातीचा भाता झाला. इतका थकवा त्याला कधी आला नव्हता. हा चढावाचा थकवा नव्हता. दर खेपेला तोच एक शब्द बोलून आलेला थकवा होता तो.

खाणीचं तळं म्हणजे उभ्या कातळात साचलेलं काळं पाणी. तिथं वारा पोहोचत नसे. दिवस कलला होता. समोरच्या बाजूला मंडळी जमली होती. त्यांचं हसणं पाण्यावरून येईपर्यंत असं बदलून जायचं की कुणीतरी लांब कण्हतंय असं वाटावं. तो अलीकडच्या कोपऱ्यात, जिथं काठ उतरता होता आणि थोडं गवत होतं, तिथं जाऊन बसला. काठी त्यानं सायकलवरून सोडलीसुद्धा नाही.

पाणी हललं नाही, तरी मासा आला.

काठाशी, घोटाभर पाण्यात, पोट खडीला घासत तो आला आणि थांबला. तोंड उघडत होता, मिटत होता. फाटलेला ओठ लोंबत होता.

"अण्णा?" लिफ्टवाला कुजबुजला.

मासा आणखी पुढं सरकला. पाठ पाण्याबाहेर आली. पुढं सरकायला आता पाणीच नव्हतं, तरी तो शेपटीनं रेटत होता... पुन्हा... पुन्हा...

"मी... मी नाही... असं कसं करू?"

दुधाळ डोळा त्याच्यावर रोखलेला होता. त्यात राग नव्हता. रात्रपाळी संपवून घरी येणारा माणूस दार उघडायची वाट बघतो, तसा तो बघत होता.

लिफ्टवाल्यानं दोन्ही हात पाण्यात घातले. अण्णांची कूस बदलताना घालायचा तसेच, एक मानेखाली, एक कमरेखाली. मासा उचलून त्यानं गवतावर ठेवला आणि त्याच्या थंड अंगावर तळहात टेकवला.

खिशात फोन वाजू लागला. वाजत राहिला. त्यानं उचलला नाही. हाताखाली एक लहानशी उबळ आली, मग आणखी एक, पहिलीपेक्षा लहान. मग काही नाही. फोनही थांबला.

थोड्या वेळानं तो पुन्हा वाजला, तेव्हा त्यानं घेतला.

"गेले रे," ताई म्हणाली. ती रडत नव्हती. "मघासारखी ओढाताण काही नाही. नुसते... थांबले. तू कुठं आहेस?"

"येतो," तो म्हणाला, आणि मग त्याला हुंदका फुटला.

मागं खडी वाजली. कंपाउंडर सायकल हातात धरून केव्हापासून उभे होते कोण जाणे. त्यांनी गवतावरच्या माशाकडे पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सायकल टेकवून ते शेजारी बसले.

"तुझं कोण होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

लिफ्टवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं. "वडील..."

त्यांनी मान हलवली. "सुटले बिचारे. धीराचा आहेस तू." मग त्यांनी सायकलला बांधलेली आपली काठी सोडली आणि दोरीचं टोक त्याच्यापुढं धरलं. शिशाचा मणी होता आणि त्याच्याखाली नुसती गाठ. गळ नव्हता.

"आमची ही आहे अजून," ते म्हणाले. "पलंगावर. बोलत नाही, ओळखत नाही. दर रविवारी यायची गळाला. काढायचो आणि सोडायचो, काढायचो आणि सोडायचो. मग मी गळच लावायचं सोडलं. म्हटलं, गळ नसला तर येणार नाही."

"मग... येता कशाला?"

म्हाताऱ्या, सवयीच्या हातानं कंपाउंडरांनी दोरी फेकली. मणी पाण्यात पडल्याचा टप्प असा आवाज कातळावर आपटून परत आला. पलीकडची मंडळी गप्प झाली होती. अंधारून येत होतं, आणि पाणी आरशासारखं निश्चल होतं.

दोरी ताणली गेली.

काठी हळूहळू वाकली. कंपाउंडरांनी रिळावरचा हात काढून घेतला, मान दुसरीकडे फिरवली आणि डोळे मिटून बसून राहिले. दोरी ताणलेलीच होती, पलीकडून कुणीतरी ती दातांत घट्ट धरून ठेवल्यासारखी.